रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेताना : नागपुरातील नव्या पॅथॉलॉजिस्टांसाठी मार्गदर्शक

एम.डी. पॅथॉलॉजीचा निकाल लागला की थोड्याच दिवसांत कोणत्या तरी रुग्णालयाकडून प्रयोगशाळा प्रमुखपदासाठी विचारणा होते. नागपुरात हे सहज घडते, कारण धंतोली, रामदासपेठ आणि वर्धा रोड या भागांत रुग्णालयांची दाटी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळपासून छिंदवाडा आणि बालाघाटपर्यंतचे रुग्ण उपचारांसाठी येथे येतात आणि स्वतःची प्रयोगशाळा असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला अहवालावर सही करणारा पात्र डॉक्टर लागतो. निवासी डॉक्टर म्हणून आपण स्लाइड वाचायला शिकतो, पण चोवीस तास चालणारी प्रयोगशाळा कशी सांभाळायची हे सहसा कोणी बसवून शिकवत नाही. मी अनेक वर्षे नागपुरातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांचे काम पाहत आले आहे आणि नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना त्याच त्या ठिकाणी अडताना पाहिले आहे, म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. अहवालावरची तुमची सही केवळ शेवटच्या आकड्यापुरती नसते. रुग्णाच्या दंडाला टूर्निके बांधल्यापासून अहवाल डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत जे जे घडते, त्या सर्वाची जबाबदारी त्या सहीबरोबर तुमच्याकडे येते. त्यामुळे त्या प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला ज्ञान हवे आणि अधिकारही हवा. पुढच्या सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

१. शिक्षणाचा मार्ग

साडेचार वर्षांचे एम.बी.बी.एस., एक वर्षाची आंतरवासिता, नीट पी.जी. (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) आणि त्यानंतर तीन वर्षांचे एम.डी. किंवा डी.एन.बी. पॅथॉलॉजी, हा सरळ मार्ग आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय महाविद्यालये, एम्स आणि हिंगण्याचे लता मंगेशकर रुग्णालय, तर जवळच सेवाग्राम, अशा ठिकाणी हे शिक्षण घेता येते. एम्सची प्रवेश परीक्षा वेगळी असते, हे लक्षात असू द्यावे. शासकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेतले असल्यास बंधपत्रित सेवा पूर्ण केल्याचे पत्र जपून ठेवावे, कारण पुढे मूळ कागदपत्रे मिळवताना त्याची गरज पडते.

२. निवासी काळातच शिकून घ्यायच्या गोष्टी

हिस्टोपॅथॉलॉजीची (ऊतींच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीची) ओढ बहुतेकांना असते आणि ती असावीही, पण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दिवसाकाठी होणाऱ्या तपासण्यांचा मोठा भाग बायोकेमिस्ट्री (रक्तातील रसायने), हिमॅटोलॉजी (रक्तपेशी) आणि लघवीच्या तपासणीचा असतो. म्हणून निवासी असतानाच बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी विभागांत आवर्जून वेळ घालवावा. अ‍ॅनालायझर बिघडून सर्व्हिस इंजिनिअर येतो तेव्हा तेथून निघून जाऊ नये. प्रोब, लॅम्प, इलेक्ट्रोड यांची नावे आणि कामे त्याच्याकडूनच शिकायला मिळतात. कॅलिब्रेशन (ज्ञात मूल्याच्या द्रावणावर यंत्राचे मोजमाप जुळवणे) केव्हा करायचे, रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) लॉट बदलताना जुन्या आणि नव्या लॉटवर तेच नमुने लावून तुलना कशी करायची, हे तंत्रज्ञांच्या शेजारी बसून पाहावे. जिल्हा निवासी कार्यक्रमाचे तीन महिने अनेकांना सक्ती वाटतात. माझ्या मते ती मोठी संधी आहे, कारण अपुऱ्या साधनांत कोणती तपासणी खरोखर अत्यावश्यक आहे हे जिल्हा रुग्णालयातच कळते.

३. नोंदणी आणि कागदपत्रे

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे मूळ नोंदणीबरोबर पदव्युत्तर पदवीची अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद करून घेणे बंधनकारक समजावे. निकाल हाती आहे म्हणून ही नोंद पुढे ढकलणे हा नेहमीचा सापळा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर २०१७ च्या आदेशानंतर सहीचा प्रश्न कोणतेही रुग्णालय हलक्याने घेऊ शकत नाही, आणि पहिल्याच तपासणीत हाच कागद मागितला जातो. एकत्र ठेवायची कागदपत्रे अशी :

- परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि अतिरिक्त अर्हतेचे प्रमाणपत्र
- पदवी आणि पदव्युत्तर पदवीची प्रमाणपत्रे, गुणपत्रिका
- बंधपत्रित सेवा पूर्ण केल्याचे पत्र, लागू असल्यास
- पूर्वीच्या संस्थांची अनुभव प्रमाणपत्रे आणि कार्यमुक्तीचे पत्र
- व्यावसायिक दायित्वाचा विमा
- हेपॅटायटिस बी लसीकरणाची नोंद आणि अँटीबॉडी टायटरचा अहवाल
- परिषदांचे आणि कार्यशाळांचे क्रेडिट गुण दाखवणारी प्रमाणपत्रे

नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी असते आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण लागतात. ते शेवटच्या वर्षात गोळा करायची धावपळ टाळावी.

४. पद स्वीकारण्यापूर्वी

मुलाखतीत तुमच्याबद्दल विचारले जाईल, पण प्रयोगशाळेबद्दल तुम्हीच विचारायचे आहे. प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय होकार देऊ नये, आणि शक्य असल्यास ती सायंकाळी सातनंतर पाहावी, कारण सकाळी सर्व प्रयोगशाळा नीटनेटक्या दिसतात. रात्रपाळीत किती तंत्रज्ञ असतात, ते डी.एम.एल.टी. किंवा बी.एम.एल.टी. (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका किंवा पदवी) झालेले आहेत का आणि महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, रिएजंट संपत आल्यावर खरेदीचा निर्णय कोण घेतो, बाहेर पाठवल्या जाणाऱ्या तपासण्यांची प्रयोगशाळा कोणी निवडली, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

नेमणूकपत्रात पुढील अधिकार लेखी मागावेत : अयोग्य नमुना नाकारण्याचा, कंट्रोल (यंत्र बरोबर मोजते का हे पाहण्यासाठी लावलेला ज्ञात मूल्याचा नमुना) मर्यादेबाहेर असताना तपासणी थांबवण्याचा, तंत्रज्ञांच्या निवडीत आणि प्रशिक्षणात मत देण्याचा, आणि यंत्र व रिएजंट यांच्या खरेदीत तांत्रिक संमती देण्याचा. हे अधिकार तोंडी मान्य होतात आणि पहिल्या अडचणीच्या वेळी विसरले जातात. एका व्यवस्थापनाने कंट्रोल चुकत असतानाही अहवाल सोडण्याचा आग्रह धरला होता, त्या वेळी केवळ लेखी अधिकारामुळे मला तपासणी थांबवता आली.

सर्वांत धोकादायक प्रस्ताव असतो तो केवळ सहीचा. तुम्ही रोज येण्याची गरज नाही, स्कॅन केलेली सही पुरेशी आहे, असे सांगणाऱ्याला मानधन कितीही असो, नकारच द्यावा. ज्या प्रयोगशाळेत तुम्ही उपस्थित नाही तिच्या अहवालाचा अर्थ तुम्ही लावू शकत नाही, आणि चुकीच्या अहवालाने ज्याच्यावर उपचार होतात तो रुग्ण तुमच्या सहीवर विश्वास ठेवून बसलेला असतो.

५. पहिले काम : नमुन्याच्या मागे चालणे

पद स्वीकारल्यावर पहिल्याच आठवड्यात यंत्रांकडे वळू नये. वॉर्डात जावे, रक्त काढले जाताना शेजारी उभे राहावे आणि तोच नमुना प्रयोगशाळेत पोहोचून अहवाल होईपर्यंत त्याच्या मागे चालावे. प्रयोगशाळेच्या नावावर जमा होणाऱ्या चुकांपैकी बहुतांश नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच घडलेल्या असतात, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

रुग्णाला त्याचे पूर्ण नाव विचारले जाते की "तुम्ही रामटेके ना?" असे विचारले जाते, हे पाहावे. गुंगीतला किंवा घाबरलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला नेहमी होकारच देतो. ट्यूबवर लेबल रुग्णाजवळ लावले जाते की नर्सिंग स्टेशनवर आणून एकदम सर्वांवर लावले जाते, तेही पाहावे. ट्यूब भरण्याचा क्रम ब्लड कल्चर, सायट्रेट, सीरम, हेपॅरिन, ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) आणि शेवटी फ्लुओराइड असा हवा. हा क्रम चुकून किंवा एका ट्यूबमधले रक्त दुसरीत ओतल्याने ईडीटीए सीरममध्ये गेले, तर पोटॅशियम खूप वाढलेले, कॅल्शियम खूप घटलेले आणि अल्कलाइन फॉस्फेटेस कमी असे चित्र दिसते. हे तीन आकडे एकत्र दिसले की डायलिसिसचा विचार होण्याआधी नमुना पुन्हा मागवावा.

नागपूरच्या उन्हाळ्याचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तातील ग्लुकोज साधारण तापमानातही तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते, आणि पारा ४५ अंशांवर असताना दुचाकीच्या डिकीतून संकलन केंद्रावरून आलेल्या नमुन्यात ही घट आणखी वेगाने होते. ग्लुकोज टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लुओराइडच्या ट्यूबवर सर्व भार टाकता येत नाही, कारण पहिला तास-दीड तास ग्लुकोजचा ऱ्हास चालूच राहतो. याच्या उलट सापळा फ्रिजचा आहे. रात्री काढलेले रक्त पेशी वेगळ्या न करता वॉर्डातील फ्रिजमध्ये ठेवले, तर थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि सकाळी निरोगी माणसाचे पोटॅशियम वाढलेले दिसते. तेव्हा नमुन्यांच्या वाहतुकीसाठी तापमानदर्शक असलेली पेटी आणि संकलन केंद्रावर सेंट्रिफ्यूज, या दोन गोष्टी मार्च लागण्यापूर्वी मागून घ्याव्यात.

आणखी एक स्थानिक बाब. वातानुकूलन यंत्र बंद पडले की नागपुरात सहजपणे कूलर आणून लावला जातो. प्रयोगशाळेत तो लावू देऊ नये. त्याने हवेतील आर्द्रता आणि धूळ दोन्ही वाढतात, ज्याचा त्रास यंत्रांच्या ऑप्टिकल भागांना आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटांना होतो. पर्यायी वातानुकूलन यंत्र आणि पुरेशा क्षमतेचा यू.पी.एस. ही मागणी अंदाजपत्रकात आधीच नोंदवावी. रिएजंटच्या फ्रिजचे २ ते ८ अंश तापमान दिवसातून दोनदा आणि सुट्टीच्या दिवशीही लिहिले गेले पाहिजे.

ही पाहणी संपल्यावर नमुना नाकारण्याचे निकष एका पानावर लिहून वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन या दोघांच्या संमतीने सर्व वॉर्डांत लावावेत. परिचारिकांना दोष देणारी भाषा त्यात नसावी. त्यांना कारण समजावले, तर नमुने सुधारतात, हा माझा सततचा अनुभव आहे. शस्त्रक्रियागृहासाठी वेगळे पान करावे : बफर केलेले १० टक्के फॉर्मलिन, नमुन्याच्या किमान दहापट, रुंद तोंडाच्या डब्यात. स्तनाच्या कर्करोगाचा नमुना शक्यतो एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तास त्यात राहावा, नाहीतर हॉर्मोन रिसेप्टरचा अहवाल विश्वासार्ह राहत नाही आणि त्यावर त्या स्त्रीचे पुढील अनेक वर्षांचे उपचार अवलंबून असतात.

६. क्वालिटी कंट्रोल रोज स्वतः पाहणे

कंट्रोलचे आलेख तंत्रज्ञाने काढावेत, पण ते तुम्ही रोज वाचावेत. नव्या लॉटसाठी किमान वीस दिवसांच्या वीस नोंदींवरून स्वतःच्या प्रयोगशाळेचा सरासरी आकडा आणि प्रमाण विचलन काढावे. कंपनीच्या कागदावरची मर्यादा इतकी रुंद असते की तिच्यावर विसंबल्यास बिघाड लक्षातच येत नाही. लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर (कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांच्या आलेखावर) वेस्टगार्डचे बिघाड ओळखण्याचे नियम लावताना त्यांचा अर्थही समजून घ्यावा. एकच बिंदू तीन विचलनांपलीकडे गेला, तर बहुधा आकस्मिक चूक असते, म्हणजे हवेचा बुडबुडा, अपुरे पिपेटिंग यांसारखी. लागोपाठ दोन बिंदू एकाच बाजूला दोन विचलनांपलीकडे गेले किंवा दहा बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तर कॅलिब्रेशन, रिएजंट किंवा लॅम्प यांत शोध घ्यावा.

मर्यादेत येईपर्यंत कंट्रोल पुन्हा पुन्हा लावणे आणि शेवटचा आकडा नोंदवणे, हा दोष जवळजवळ सर्वत्र आढळतो. त्याचे कारण बहुधा भीती असते, अप्रामाणिकपणा नव्हे. कंट्रोल चुकले असे सांगणाऱ्या तंत्रज्ञाला ओरडा बसत असेल, तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही. म्हणून फसलेला प्रत्येक कंट्रोल नोंदवणे, कारण लिहिणे आणि केलेली दुरुस्ती लिहिणे हे कौतुकाचे काम आहे, असे वातावरण तुम्हीच निर्माण करायचे आहे. रात्रपाळीतही कंट्रोल लावले जात आहे का, हे तपासावे.

बाहेरची संस्था नमुने पाठवून प्रयोगशाळेची अचूकता तपासते, अशा बाह्य गुणवत्ता कार्यक्रमांत पहिल्याच महिन्यात नाव नोंदवावे. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा आणि हिमॅटोलॉजीसाठी दिल्लीच्या एम्सचा कार्यक्रम देशभर वापरला जातो. त्यांचे नमुने रुग्णांच्या नमुन्यांप्रमाणेच, नेहमीच्या तंत्रज्ञाकडून आणि एकदाच तपासावेत. सर्वांत कुशल माणसाकडून तीनदा तपासून पाठवलेल्या उत्तरातून तुमच्या प्रयोगशाळेबद्दल काहीच कळत नाही.

७. विदर्भातील आजारांची तयारी

इतर शहरांतून शिकून आलेल्यांनी या पायरीवर विशेष थांबावे. सिकलसेल (तांबड्या पेशींना कोयत्याचा आकार देणारा आनुवंशिक रक्तविकार) हा येथे रोजचा विषय आहे आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून त्याच्या तपासण्यांकडे अधिक लक्ष वेधले गेले आहे. सोल्युबिलिटी चाचणी केवळ हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचे हिमोग्लोबिन) आहे इतकेच सांगते. वाहक आणि रुग्ण यांतील फरक ती सांगत नाही, आणि सहा महिन्यांखालील बाळांत व तीव्र रक्तक्षयात ती खोटी नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांवरच द्यावे. एचपीएलसीच्या मागणीपत्रावर वय, अलीकडे रक्त दिले आहे का आणि आई-वडिलांची स्थिती, हे तीन रकाने सक्तीचे करावेत. नुकतेच रक्त दिलेल्या रुग्णाचा आलेख वाहकासारखा दिसतो आणि त्यावरून एखाद्या कुटुंबाला चुकीचा सल्ला दिला जाऊ शकतो.

याच रुग्णांत यंत्राचे इतर आकडेही फसवतात. केंद्रकयुक्त तांबड्या पेशी पांढऱ्या म्हणून मोजल्या जाऊन संख्या वाढलेली दिसते, तेव्हा स्मीअर (काचेवर पसरवलेला रक्ताचा थर) पाहून संख्या दुरुस्त करावी. ई.एस.आर. (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) दाहाच्या मानाने कमी येतो. तांबड्या पेशींचे आयुष्य कमी झाल्याने एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) मधुमेहाचा खरा अंदाज देत नाही, हे डॉक्टरांना अहवालातील टिपेत कळवावे.

पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेटच्या मागण्यांचा पूर येतो. यंत्राने कमी प्लेटलेट दाखवल्यास स्मीअर पाहिल्याशिवाय अहवाल सोडू नये. ईडीटीएमुळे गुठळ्या झाल्या असतील, तर सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नमुना घेऊन येणारी संख्या १.१ ने गुणावी. गडचिरोलीकडून आलेल्या तापाच्या रुग्णांत फाल्सिपेरम मलेरिया नेहमी मनात ठेवावा. एचआरपी-२ या परजीवीच्या प्रथिनावर आधारित रॅपिड चाचणी उपचारानंतर काही आठवडे सकारात्मक राहू शकते, म्हणून उपचार लागू पडले की नाही हे स्मीअरवरच ठरवावे. २०१८ साली नागपूर परिसरात स्क्रब टायफसचे (सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण मोठ्या प्रमाणात आढळले तेव्हापासून आयजीएम एलायझाची (रक्तातील प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या चाचणीची) सोय हाताशी असणे आवश्यक ठरले आहे, कारण वेल-फेलिक्स चाचणी अनेक रुग्ण हुकवते.

८. गंभीर आकडे आणि डॉक्टरांशी संवाद

कोणता आकडा आल्यास अहवाल छापण्याची वाट न पाहता फोन करायचा, याची यादी अतिदक्षता विभाग, बालरोग आणि प्रसूती विभागांच्या प्रमुखांबरोबर बसून ठरवावी. पोटॅशियम, सोडियम, ग्लुकोज, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पी.टी. आय.एन.आर. (रक्त गोठण्याची तपासणी) आणि सकारात्मक ब्लड कल्चर त्यात असावेत. फोन कोणी केला, कोणी घेतला, किती वाजता, आणि घेणाऱ्याने आकडा परत वाचून दाखवला का, या चार नोंदी वहीत हव्यात. आठवड्यातून एकदा स्वतः राउंडला जावे. "मॅडम, हा रिपोर्ट रुग्णाशी जुळत नाही," असे निःसंकोच सांगणारा फिजिशियन हा तुमचा सर्वांत मोलाचा सहकारी असतो.

एच.आय.व्ही.बाबत २०१७ च्या कायद्यानुसार संमती, समुपदेशन आणि गोपनीयता पाळावी. एकाच रॅपिड चाचणीवर निदान लिहू नये आणि अहवाल इतर कागदांसोबत उघडा फिरू देऊ नये. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची निक्षय या शासकीय पोर्टलवर नोंद सक्तीची आहे.

९. यंत्र आणि रिएजंटचे करार

बहुतेक रुग्णालये यंत्र विकत न घेता ‘रिएजंट भाडे’ करारावर घेतात. कंपनी यंत्र ठेवते आणि त्या बदल्यात ठराविक वर्षे तिचेच रिएजंट घ्यावे लागतात. करारात दरमहा किमान किती तपासण्यांची हमी दिली आहे, हे प्रथम पाहावे. ती संख्या फुगवलेली असेल, तर पुढे अनावश्यक तपासण्या वाढवण्याचा दबाव येतो आणि तो भार रुग्णांवर पडतो. प्रति तपासणी दरात कॅलिब्रेटर, कंट्रोल, पुन्हा केलेल्या तपासण्या आणि वाया जाणारे रिएजंट धरले आहेत का, बिघाड झाल्यास इंजिनिअर नागपुरातच आहे की मुंबई-पुण्याहून येणार, पर्यायी यंत्र मिळेल का, हे लेखी घ्यावे.

१०. कायदे, कचरा आणि मान्यता

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे वर्गीकरण, मायक्रोबायोलॉजीच्या कचऱ्यावर जागेवरच प्रक्रिया आणि प्रक्रियेविना कचरा ४८ तासांपेक्षा जास्त न साठवणे, हे मूलभूत आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र रुग्णालयाच्या नावे असते, पण वार्षिक अहवाल ३० जूनपूर्वी जातो तेव्हा प्रयोगशाळेचे आकडे तुमच्याकडूनच मागितले जातात. रक्तकेंद्र असल्यास त्याचा परवाना अन्न व औषध प्रशासनामार्फत स्वतंत्र असतो आणि त्याची जबाबदारी प्रयोगशाळेच्या जबाबदारीत आपोआप गृहीत धरू देऊ नये.

एन.ए.बी.एल. (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेसाठी सध्याचे मानक आयएसओ १५१८९:२०२२ आहे आणि त्यासोबत एन.ए.बी.एल.चा ११२ ए हा दस्तऐवज वाचावा लागतो. या आवृत्तीत रुग्णाच्या खाटेजवळ होणाऱ्या तपासण्याही आल्या आहेत, म्हणून अतिदक्षता विभागातील ग्लुकोमीटर आणि ब्लड गॅस यंत्रेही तुमच्या देखरेखीखाली घ्यावीत. तयारीचा क्रम मी असा सुचवेन : प्रथम सहा महिने क्वालिटी कंट्रोल आणि नोंदी स्थिर कराव्यात, त्यानंतर तंत्रज्ञांकडूनच कार्यपद्धती लिहून घ्याव्यात, मग स्वतः आणि एका वरिष्ठ तंत्रज्ञाने अंतर्गत लेखापरीक्षणाचे प्रशिक्षण घ्यावे, अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन आढावा पूर्ण करावा आणि त्यानंतरच अर्ज भरावा. सल्लागाराकडून तयार फाइली विकत घेणाऱ्या प्रयोगशाळांची अडचण मूल्यांकनाच्या दिवशी होते, कारण तंत्रज्ञाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फाइलीत एक आणि बाकावर दुसरेच निघते. पहिल्या अर्जात सर्व तपासण्या घालण्याची घाई करू नये. ज्या तपासण्यांचे कंट्रोल आणि बाह्य गुणवत्ता कार्यक्रमाचे निकाल सलग चांगले आहेत, तेवढ्याच व्याप्तीत घ्याव्यात आणि उरलेल्या पुढच्या टप्प्यावर वाढवाव्यात.